मागं आलेला हात

चढाच्या निम्म्यावर वसुधा दम खायला थांबली आणि तिच्या पाठीवर हात पडला. थाप नव्हे, धक्का नव्हे. नुसता पसरलेला पंजा, कमरेच्या वीतभर वर, आणि त्यात एक सरळ, शांत जोर. अंगात स्वेटर, त्यावर सुनेचा जुना कोट, त्यावर मफलरचं शेपूट, एवढ्या थरांतून तो पंजा तिला पाची बोटांनिशी कळला. ती ओरडणार होती. पण कोणत्या भाषेत ओरडायचं हे ठरेपर्यंत पाय चालायला लागलेसुद्धा. भाजीची चाकांची पिशवी मागं खडखडत होती. जर्मनीतल्या आखन गावच्या बुर्टशाइडच्या गरम झऱ्यांचा गंधकाचा वास येत होता, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत रेंगाळतो तसा. आणि पाठीवर तो हात. तिची पावलं मंद झाली की तो मंद होई, ती चालू लागली की चाले. चढ संपला, आणि अगदी संपला तिथंच तो निघाला. वसुधानं वळून पाहिलं तर खालच्या मजल्यावरचा म्हातारा. निळी टोपी, एका हातानं धरलेली सायकल, दुसरा हात, तोच, आता कोटाच्या खिशात. "झो," असं काहीसं तो म्हणाला, हातातलं काम पुरं झाल्यावर माणूस स्वतःशी म्हणतो तसं, आणि तिच्याकडं न बघता फाटकातून आत गेला.

घरात तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? साठी उलटलेल्या बाईच्या पाठीला परक्या पुरुषानं हात लावला आणि राग यायच्या आधी तिला बरं वाटलं, हे कुणापुढं बोलायचं? मुलगा वेदांग आणि सून उर्जा ऑफिसातून आले, नात ओवी आली, पोळ्या झाल्या, भांडी मशीनमध्ये गेली, पण तेवढी वीतभर पाठ तिच्या अंगावर वेगळी राहिली, चंदनाचा लेप वाळताना कातडी ताणते तशी. पाठ हा काही तिच्या विचारात येणारा अवयव नव्हता. म्हणजे स्वतःची पाठ. दुसऱ्याच्या पाठीकडं बघण्यात मात्र तिचा जन्म गेला होता. तिचे यजमान श्रीनाथबुवा कीर्तनाला उभे राहत आणि ती त्यांच्या मागं, डाव्या अंगाला, पेटी घेऊन बसे. सांगली, मिरज, तासगाव, जमखंडी, कुठं कुठं म्हणून नाही. लोकांना बुवांचा चेहरा माहीत होता. तिला माहीत होती पाठ. मंगलाचरण संपताना अंगरख्यावर मानेखाली घामाचा पहिला ठिपका उमटायचा, तो निरूपण रंगेल तसा खाली उतरत जायचा आणि कटावाच्या वेळी सगळा अंगरखा पाठीला चिकटायचा. त्या ओलीवरून तिला कळे की आज बुवांना सूर सापडलाय की नुसतेच शब्द चाललेत. झील धरायला, बुवांची ओळ मागून उचलायला, तिला शब्द संपायची वाट बघावी लागत नसे. खांदा जरा उतरला की ती धरायची. घरी जेवताना समोर बसलेला त्यांचा चेहरा तिला कधीकधी परका वाटे. एकदा तिनं तसं सांगितलंही होतं. "अहो, तुम्ही जरा पाठ करून बसा बघू, म्हणजे तुम्ही घरी आलात असं वाटेल." बुवा इतके हसले की ताकाचा भुरका नाकात गेला.

आणि एक हात होता. पूर्वरंग संपला, निरूपणाची गाठ बसली, की मध्ये भजन व्हायचं, देवळातलं कुणी पुढं येऊन बुवांना हार घालायचं, कपाळाला बुक्का लावायचं. त्या गडबडीत बुवांचा डावा हात मागं यायचा. न बघता. वसुधा त्यात ज्येष्ठमधाच्या कोमट पाण्याचा पेला ठेवायची, बोटं मिटायची, आणि पेला ओठाला लागायच्या आधी बुवा खांद्यावरून, तिला एकटीला ऐकू जाईल एवढंच, आख्यानाचं नाव टाकायचे. ते आधी कधी ठरलेलं नसे. निघताना तिनं विचारलं तर म्हणायचे, "पंगत बघितल्याशिवाय वाढायला काय घेऊ? तोंडं बघू दे समोरची." पूर्वरंगभर ते बोलत असायचे, पण बघतही असायचे. कोण रडून आलंय, कोण भांडून आलंय, कुणाला झोप येतेय. मग मागं हात, पेला, नाव. नाव कळलं की ती सूर बदलून घ्यायची, पहिलं वृत्त दिंडी की साकी ते तिच्या बोटांना आपोआप कळायचं, आणि बुवा उत्तररंगात, आख्यानात, शिरायचे.

कुरुंदवाडला दत्ताच्या देवळात हात मागं आला. तिनं पेला ठेवला. बोटं मिटली नाहीत. पेला पडला, पाणी पेटीच्या पट्ट्यांवरून तिच्या मांडीवर आलं, आणि ती पाठ, तिला तोंडपाठ असलेली ती पाठ, एखादं उपरणं खुंटीवरून घसरावं तशी सावकाश खाली आली. लोक धावले. कुणी पाणी म्हणालं, कुणी गाडी म्हणालं. आणि पेटी वाजतच होती. वसुधाचा डावा हात भाता मारत होता आणि उजव्याचं एक बोट काळी दोनवर तसंच दाबलेलं होतं. कीर्तन थांबलं आहे हे त्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी पुजाऱ्याच्या बायकोनं तिचं मनगट धरलं तेव्हा देऊळ एकदम रिकामं झाल्यासारखं गप्प झालं. नंतर सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. उभ्यानं, देवापुढं, गळ्यात हार असताना. वसुधाही मान हलवत होती. भाग्याचं होतंच. पण कीर्तन अर्धं राहिलं होतं. पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला नाही, आरती झाली नाही. आणि आख्यानाचं नाव तिला सांगायचं राहिलं होतं. कुठलं होतं? रात्र रात्र ती त्या दिवशीची पंगत आठवायची. मांडीवर पोर घेतलेली एक बाई, डुलक्या काढणारे कुणी साहेब, खांबाला टेकलेली दोन म्हातारी भावंडं. या तोंडांकडं बघून बुवा काय वाढणार होते? पण तिला नीट तोंडं दिसलीच नव्हती. तिच्या आणि लोकांच्या मध्ये पाठ होती. जे दिसलं ते पाठीच्या कडेकडेनं. मग तिला वाटत राही, बुवा अजून तिथंच आहेत, हार घातलेले, बुक्का लावलेले, हात मागं करून. आणि आपण नुसत्याच बसलो आहोत.

वेदांगनं तिला आखनला आणलं, आणि मागाहून पेटीही आणली. ती आता तिच्या पलंगाखाली शालीत गुंडाळलेली होती. "आई, वाजव की गं," असं त्यानं सुरुवातीला म्हणून बघितलं. तिनं रविवारच्या शांततेचं कारण सांगितलं. या इमारतीत रविवारी रूहेत्साइट, दुपारी रूहेत्साइट, भिंतीला खिळा ठोकायचा तर वार बघायचा. "अगं, पण मंगळवारी तर चालतं ना?" मंगळवारी ती खिडकीशी बसून खालची सायकलवाली माणसं बघायची. तसं घर अगदीच निःशब्द नव्हतं. रोज सकाळी मुलं बाहेर पडली की जमिनीखालून एक सूर यायचा. घूंऽऽ असा, लांब, अखंड, मध्येच जरा चढणारा, पुन्हा बसणारा. काळी एकच्या केसभर खाली. बॉयलर असेल, कपड्यांचं मशीन असेल. पण तो केसभर उणा सूर तिला छळायचा. कुणीतरी एकदा जरा पिळून तो वर घ्यावा असं वाटे, आणि पलंगाखालची पेटी आपल्याकडं बघते आहे असंही.

रामनवमी जवळ आली तशी मराठी मंडळाची पोरं घरी आली. शार्दूल म्हणून एक मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होता, कोल्हापूरकडचा, दाढीवाला, बोलका. "काकू, रविवारी हॉल मिळालाय. पाळणा आहे, सुंठवडा आहे, फक्त कीर्तन नाही. तुम्ही उभ्या राहा."

"मी बसणारी बाई आहे रे बाबा. उभं राहणारे गेले."

"आल्झो, म्हणजे काकू, अर्धा तास फक्त. इथली निम्मी जनता पहिल्यांदाच ऐकणार आहे, त्यांना काय कळतंय! आख्यान कुठलंही चालेल."

कुठलंही. तो शब्द तिच्या अंगावरून पालीसारखा गेला. "कुठलंही चाललं असतं," ती म्हणाली, "तर काय पाहिजे होतं." शार्दूलला वाटलं काकू चिडल्या. त्यानं चहाचा कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवला आणि जाताना दोनदा नमस्कार केला. पोरं गेल्यावर घरात एक रविवार ठाण मांडून बसला. नाही म्हणणं सोपं होतं. पण हा रविवार गेला की पुढं कुणी विचारणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मग अर्धं ते अर्धंच. बुवा हात मागं करून उभे ते उभेच. आणि हो म्हणावं तर वाढायला हातात काय आहे?

हाताचं तिनं शेवटी उर्जाला सांगितलं. मेथी निवडता निवडता, विषय नसल्यासारखं.

"हात?" उर्जाची जुडी तशीच राहिली. "आई, कुठं हात?"

"पाठीला. चढावर."

"हेर ओपडेकांपनी? त्या खालच्या आजोबांनी?" आणि ती हसायलाच लागली. "अहो आई, ते सायकलिस्ट होते! बेल्जियमचे. मागं मी ओवीला सायकल शिकवत होते तेव्हा मलापण असंच ढकललं होतं. मी म्हटलं, पोरगी पडली तरी चालेल, आजोबा मलाच शिकवतायत." मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "ते जाणारेत आता. ओयपनला, बॉर्डरच्या पलीकडं, मुलगी असते तिथं. वृद्धाश्रम बघितलाय. केलर रिकामं करतायत रोज. चला, येता का? मला तसंही त्यांना विचारायचंय काही मदत हवी का."

केलर म्हणजे तळघर. जिना उतरताना वसुधाला आधी तो सूर भेटला. दार उघडलं तर म्हातारा सायकलवर बसून जागच्या जागी पळत होता. तीन लोखंडी रूळ, त्यावर सायकल, खाली उतरलेलं पोट, वर सरळ ताठ पाठ, आणि रूळांतून निघणारं ते घूंऽऽ. त्यांना पाहून तो थांबला, तसा सूर घसरत घसरत विझला. वसुधाला उगीचच अपराध्यासारखं वाटलं, कुणाच्या पूजेत शिरल्यासारखं. त्यानं टोपी काढली, खोकी सरकवून दोघींना बसायला जागा केली. पहिलं नाव सांगितलं, स्ताफ. तिनं हात जोडले. मग उर्जानं जर्मनमधून काहीबाही विचारलं आणि तो बोलायला लागला, आणि उर्जा मराठीत सांगत राहिली, आपली फोडणी घालत. "आई, ते म्हणतायत, त्या दिवशी न विचारता हात लावला त्याबद्दल माफ करा. चढावर कुणी थांबलेलं दिसलं की हात आपोआप जातो म्हणे. बायको असताना ती ओरडायची, एक दिवस पोलीस धरतील म्हणून."

मग त्यानं जे सांगितलं ते वसुधा ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता तिच्याही नकळत ते आत लावत गेली. बाप पाववाला. पहाटे पोराच्या सायकलला टोपली बांधून द्यायचा, पाव गरम असेपर्यंत शेवटचं गिऱ्हाईक गाठायचं. इथं दिंडी, तिच्या मनात कुणीतरी म्हणालं. पोरगं वेगात निघालं म्हणून कुणीतरी त्याला लाकडी ट्रॅकवर नेलं. भिंतीसारख्या उभ्या वळणांचा गोल, ब्रेक नसलेली सायकल, थांबलास तर पडलास. उन्हाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती आणि हिवाळ्यात जर्मनीतल्या मोठ्या हॉलांमध्ये सहा सहा दिवस चालणाऱ्या जोड्यांच्या शर्यती. सिगारचा धूर, बँड, मधल्या मोकळ्या जागेत टेबलं टाकून बिअर पिणारे लोक, आणि त्यांच्याभोवती हे गरगर फिरतायत. "जत्राच म्हणायची," वसुधा म्हणाली. उर्जानं ते त्याला सांगितलं. "गेनाऊ!" अगदी तसंच, अशी मान डोलावत तो म्हणाला, आणि जत्रेला मराठीत काय म्हणतात ते त्यानं दोनदा म्हणून घेतलं.

जोडी म्हणजे तो आणि पिट. एक शर्यतीत पळतो तेव्हा दुसरा वरच्या कडेनं सावकाश फिरत दम घेतो. मग पळणारा मागून येतो, आणि... इथं म्हाताऱ्याला शब्द पुरेनात. तो उठला, उर्जाला मागं उभं केलं, स्वतः पुढं झाला आणि न बघता डावा हात मागं केला.

केलरच्या पिवळ्या दिव्यात तो हात आला होता, पंजा उघडा, अंगठा जरा बाहेर. तसाच. वसुधानं खोक्याची कड घट्ट धरली. हा हात इथं कसा आला? तीस पायऱ्या खाली, वंगणाच्या आणि जुन्या रबराच्या वासात, हा हात काय मागतो आहे? आणि आपल्या मांडीवर पेला का नाही? तिला क्षणभर खरंच ओलं वाटलं, मांडीवर, साडी भिजल्यासारखं, आणि कानात काळी दोन.

"आई, बघा हं," उर्जा म्हणत होती, "मागून येणारा हा हात धरतो आणि झपकन पुढं फेकतो. त्याचा सगळा वेग या हातातून ह्यांच्या अंगात. मग हे शर्यतीत, तो विश्रांतीला. वेग देणारा मागचा असतो म्हणे. लोक टाळ्या पुढच्याला वाजवतात."

"त्यांना विचार," वसुधा म्हणाली, "न बघता कसं कळतं मागचा आलाय म्हणून?"

म्हाताऱ्याचं ऐकून उर्जा म्हणाली, "ते म्हणतात, कळत नाही. तो असतोच."

पण एकदा नव्हता. शेवटच्या रात्री, शेवटच्या फेऱ्यांत, स्ताफ वर दम घेत होता, पिट खाली पळत होता. वेळ झाली, स्ताफनं हात मागं केला. हात रिकामा राहिला. त्याला वाटलं उशीर झालाय. वळण संपताना खाली घोळका दिसला, फुटलेलं चाक दिसलं, आणि पिटचे बूट. चूक कुणाची नव्हती, टायर फुटला होता. पिट गेला तो दोन दिवसांनी. स्ताफ हे सगळं अगदी सरळ सांगत होता, नळ कुठं आहे, फ्यूज कुठं आहे ते नव्या भाडेकरूला सांगावं तसं. वसुधानं उर्जाच्या तोंडून विचारलं, मग तुम्ही काय केलंत तेव्हा? तो म्हणाला, नियम आहे. जोडीतला एक पडला तर दुसऱ्यानं फिरत राहायचं. घंटा वाजेपर्यंत. शर्यत जोडीची असते, माणसाची नाही. मी फिरलो. हात मात्र प्रत्येक वेळी त्या वळणावर मागं जायचा. त्याला कोण समजावणार?

उर्जानं डोळे पुसले आणि नाकातून हसली. "आई, मला हे असलं ट्रान्सलेट करायला लावू नका हो."

पुढं तो जोडीच्या शर्यतीत कधी उतरला नाही. रस्त्यावर गेला. तिथं तो दुसऱ्यांसाठी पळायचा, मोठ्या नावाच्या गड्याला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, त्याचं पाणी आणायचं, दगडी फरशांच्या रस्त्यावर त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. आणि डोंगर लागला की मागं पडलेल्याच्या पाठीला हात लावायचा. आपल्या संघाचा, परक्या संघाचा, कुणीही. तसं करायला बंदी होती, दंड व्हायचा. फ्रान्सची मोठी शर्यत त्यानं एकदाच पुरी केली. शेवटचा आला. शेवटी येणाऱ्याला तिथं लाल कंदील म्हणतात, गाडीच्या शेवटच्या डब्याला लावतात तो. "शेवटचा?" वसुधानं न राहवून विचारलं. उर्जा म्हणाली, "ते म्हणतात, शेवटचा आलो. म्हणजे आलो." मग पाय थकले तेव्हा तो पुन्हा लाकडी गोलावर परतला, पण छोट्या मोटारसायकलवर. सायकलवाला तिच्या मागं मागं पळतो आणि पुढच्यानं नुसतं ताठ बसून वारा अंगावर घ्यायचा. त्यानं खोक्यातून एक चामड्याचं हेल्मेट काढून वसुधाच्या हातात दिलं. तिनं फिरवून बघितलं. कानांची झाकणं उलटी होती, भोकं मागच्या बाजूला. समोरचा गोंगाट ऐकू येऊ नये, मागच्याचा शब्द तेवढा यावा. हळू म्हणाला की हळू, चल म्हणाला की चल. मागं वळून बघायला परवानगी नाही.

मागं कान असलेला माणूस. वसुधा ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिली. चामड्याला घामाचा जुना, खारट वास होता. अंगरखा धुवायला टाकताना यायचा तो. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की हात मागं येतो तो पेल्यासाठी, आणि आपण पेला देणारी बाई. पेला कुणीही देऊ शकतं. म्हणून तर ती बसणारी होती. पण पेला घेतल्यावर बुवा ज्या वेगानं उत्तररंगात शिरायचे, तो वेग कुठून यायचा? खांदा उतरायच्या आत झील धरणारं ते कोण होतं? बुवांना मागं कान होते, आणि त्या कानांत कोण होतं? तिला एकदम इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्ही सांभाळायला ती उठूनच उभी राहिली. डोकं वरच्या पाइपला लागलं. "आउआ," म्हातारा तिच्या वतीनं म्हणाला.

रविवारी हॉल भरला होता. खुर्च्या, पुढं सतरंजी, फुलांनी मढवलेला पाळणा, सुंठवड्याचा वास. उर्जा पेटीवर बसली. लहानपणी पुण्यात तिला क्लासला घातलं होतं, तेवढ्यावर. आठवडाभर रोज संध्याकाळी पेटीची शाल सोडून दोघी बसत होत्या, आणि ओवी दारात उभी राहून "नोख माल, आजी!" म्हणत होती, पुन्हा एकदा. स्ताफला उर्जानंच आणलं होतं. जमिनीवर बसवत नाही म्हणून त्याची खुर्ची पेटीच्या बाजूला, भिंतीशी ठेवली होती. उद्या त्याची मुलगी गाडी घेऊन येणार होती.

वसुधा उभी राहिली. शार्दूलनं हार घातला, बुक्का लावला. हार आधी घालायचा नसतो, मध्ये घालायचा असतो, पण तिनंच तसं सांगितलं होतं. "पूर्वरंग," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हॉलच्या काचांना लागून परका होऊन आला, "पूर्वरंग कुरुंदवाडला झालेला आहे. इथून पुढं." लोक एकमेकांकडं बघायला लागले. वेदांगनं मान खाली घातली. भजन झालं, टाळ थांबले, आणि वसुधानं समोर पाहिलं.

समोर पाठ नव्हती. पहिल्यांदाच काही आड नव्हतं, सगळी तोंडं तिच्यावर उघडी पडली होती. कडेकडेनं दिसणारी नव्हेत, पुरी. पोराला मांडीवर घेतलेली एक सासुरवाशीण दाराकडं बघत होती. एक मुलगा घरच्या फोनची वाट बघावी तसा हातातल्या फोनकडं बघत होता. कुणी पहिल्या ओळीत बसूनही मागच्या बाकावरचा होता. शेवटचे, मागं पडलेले, चढाच्या निम्म्यावर थांबलेले. अहो, ही पंगत तुम्ही बघितली असती तर काय वाढलं असतंत? तिला काय वाढायचं ते माहीत होतं. आठवडाभर ते आत शिजत होतं. पण तोंडातून सूर निघेना. पेटीचा सूर वाट बघत लांबत चालला, काळी दोन, लांब, अखंड, देवळातल्यासारखा, आणि वसुधाला वाटलं, हे असंच राहणार. आता कुणीतरी येऊन उर्जाचं मनगट धरणार. आणि तिच्या नकळत तिचा डावा हात मागं गेला.

पेल्याचं तिनं उर्जाला सांगितलंच नव्हतं. एवढं सगळं शिकवलं, तेवढंच राहिलं. उर्जाचे दोन्ही हात पेटीवर होते. तिला तो हात दिसला, पण त्याचं काय करायचं ते तिला कळेना. हात तसाच राहिला, उघडा, रिकामा. केवढा जड असतो रिकामा हात. हे बुवांनी इतका वेळ कसं धरून ठेवलं असेल?

भिंतीशी खुर्ची करकरली. सतरंजीवर बुटांचा आवाज आला. कीर्तनाच्या जागेत बूट! कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं, आणि कुणाला काही कळायच्या आत वसुधाच्या हातात एक हात आला. हाडकुळा, कोरडा, गरम. तो धरून थांबला नाही, धीर दिला नाही, काही विचारलंही नाही. त्यानं घट्ट आवळला आणि खांद्यातून, सगळ्या जुन्या अंगातून, तिला पुढं फेकलं.

ती पाऊलभर पुढं गेली. गळ्यातला हार हलला, झेंडूच्या दोन पाकळ्या खाली पडल्या. मागं म्हातारा तोल सावरत पेटीचा आधार घेऊन उभा होता, दमलेला, त्याच्या अंगात आता काही उरलं नव्हतं. ते तिनं वळून बघितलं नाही. वळून बघायला परवानगी नसते. तिचा हात पुढं आला, तो मिटलेला होता.

"दिंडी," तिनं खांद्यावरून, उर्जाला एकटीला ऐकू जाईल एवढंच सांगितलं. "पाववाल्याच्या पोराचं आख्यान."

आणि तिनं चिपळ्या उचलल्या.